धुरावर टांगलेलं मेण

अतालियाने मेणाला चाकू लावला तेव्हा दुपार इतकी जड झाली होती, की काजूखालच्या कोंबड्याही एका पायावर उभ्या राहून पेंगत होत्या. तिला टाचेपुरतं मेण हवं होतं. ऑगस्टचा कोरडा वारा सुटला की तिच्या टाचांना भेगा पडत. त्यांत मेण भरून निखाऱ्याची ऊब दिली की दोन दिवस तरी वाळूतून चालता येई. नखाएवढा तुकडा काढून तिने मेण पुन्हा जाळ्यात ठेवलं, जाळं चुलीवरच्या आढ्याला अडकवलं आणि तिथेच बसून राहिली.

वडील गेले तेव्हा हे मेण मोठ्या कसाव्याच्या मुळासारखं होतं: वीतभराहून लांब, मांडीएवढं जाड, काळंभोर. आता ते मनगटाएवढं उरलं होतं. जमिनीत घर करणाऱ्या, न डंखणाऱ्या बारक्या माशांचं मेण. त्याला आधी धुराचा वास येई, मग आंबट फळाचा, आणि सगळ्यात शेवटी वडिलांच्या हातांचा. हा शेवटचा वास फक्त तिलाच येतो हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती त्याबद्दल कुणाशी बोलत नसे.

वडील, म्हणजे झेफानियास. तळ्याच्या या काठावरच्या सगळ्या तिम्बिला त्यांनी बनवलेल्या. लाकडी पट्ट्या, प्रत्येक पट्टीखाली रानकवठाची करवंटी, आणि करवंटी फळीला धरून ठेवणारं मेण. पट्टी नुसती ठोकली तर ती लाकडासारखी वाजते. खाली मेणाने घट्ट बसवलेली करवंटी असली की ती बोलते. मेणात सुईएवढं भोक राहिलं तरी श्वास निसटतो आणि वाद्य खोकायला लागतं. झेफानियास एकेका करवंटीसाठी मेण मळत बसत, आणि लहानपणापासून अतालियाही त्यांच्यासोबत मळायला बसे. मुलींचे हात मऊ असतात, मेण लवकर ऐकतं, असं ते म्हणत. मळायचं मुलींनी. वाद्यापुढे बसायचं मात्र पुरुषांनी. त्याबद्दल कुणी कधी काही बोललं नव्हतं, बोलायची गरजच पडली नव्हती.

जायच्या आदल्या महिन्यात त्यांनी तिला हे मेण दिलं होतं. "चाकूने काप, हवं तेवढं वापर," ते म्हणाले होते. "पण विस्तवाला दाखवू नकोस."

"का, ताते?"

"सांगेन."

ते राहून गेलं. झटका आला आणि वाचा गेली. चार दिवस ते पडून होते, आणि चारही दिवस त्यांचा अंगठा बोटांवर फिरत होता, जणू हातात मेण आहे.

पहिलं वर्षभर तिने त्या मेणाला हातही लावला नाही. मग पाण्याचा भोपळा तडकला, आणि चिरेत मेण भरण्यावाचून इलाज नव्हता. भोपळा गळायचा थांबला तेव्हा तिला वाटलं, तातेंनीच येऊन दुरुस्त केला. त्यानंतर निमित्तं सापडत गेली. कुदळीचा दांडा ढिला झाला. भाचीच्या कानाचं भोक बुजायला आलं, तर मेण लावलेली काडी घालून ठेवली. शिवायचा दोरा ती मेणावरून ओढून घेई, आणि तेव्हा होणारा तो बारीक सुर्र आवाज ऐकण्यासाठी कधी कधी नको असलेलं शिवणही काढून बसे. दर वेळी मेण थोडं कमी होई. संपलं की काय, हा विचार ती अर्ध्यावरच सोडून देई.

"माना अतालिया, झोपलीयस का?"

लोरेन्सो दारात उभा होता. झेफानियासच्या धाकट्या भावाचा मुलगा, म्हणून तिला माना, म्हणजे ताई म्हणे. त्यांच्याच हाताखाली शिकला, मग सात वर्षं जोहान्सबर्गच्या खाणीत राहून आला. वाद्यं आता तोच बनवतो.

"डोळे उघडे ठेवून झोपायला मी काय मासा आहे? ये, बस."

तो बसला नाही. त्याची नजर आढ्याकडे गेली, तेव्हाच तिला कळलं की तो कशासाठी आलाय.

फेब्रुवारीच्या वादळात वाद्यांची खोपी तळ्यात कोसळली होती. पाचही तिम्बिला तीन दिवस पाण्यात राहिल्या, पट्ट्या फुगून तडकल्या. लोरेन्सोने तेव्हापासून नव्या पट्ट्या तासल्या, नव्या करवंट्या आणल्या. चार वाद्यांवरचं जुनं मेण खरवडून पुन्हा वापरता आलं. पाचवं, सगळ्यात मोठं, चारच पट्ट्यांचं पण बाकी सगळ्यांना खालून धरून ठेवणारं, त्याच्या करवंट्या मेणासकट वाहून गेल्या होत्या. आणि माशांची जमिनीतली घरं पुरात बुडाल्यामुळे या साली रानात मेण नव्हतं.

"मिशनच्या दुकानातल्या मेणबत्त्या लावून पाहिल्या," लोरेन्सो म्हणाला. "तिओ नाफ्तालांनी पहिला ठोका दिला आणि करवंटी त्यांच्या पायावर."

"लागलं?"

"पायाला नाही. अभिमानाला." तो हसला. "अकरा दिवसांवर क्विसिकोचा मेळा आलाय, माना. मोठं वाद्य नसेल तर आपण जायचं कशाला?"

"आणि सूर? होम्बे सापडला?"

लोरेन्सोने मान हलवली. खरं दुखणं तेच होतं. होम्बे म्हणजे पहिली पट्टी, जिच्यावरून बाकी सगळ्या लावायच्या. प्रत्येक काठाचा होम्बे वेगळा. तो कुठे लिहून ठेवलेला नसतो. जुन्या वाद्यावरून नव्यात जातो, नव्यावरून त्याच्याहून नव्यात. सगळीच वाद्यं एकदम बुडतील असा विचार कुणी केला नव्हता.

"मला हाताची सवय आहे," तो म्हणाला. "कानाची नाही. मी कायम जुन्यावर ठोकून नवी लावायचो. आणि सात वर्षं जमिनीखाली ड्रिल ऐकलंय. डोळे मिटले तर अजून तेच ऐकू येतं."

"मग म्हाताऱ्यांना विचार."

"ये नं तूच. दोघं मफुराच्या झाडाखाली बसलेत. बघ काय चाललंय ते."

नाफ्ताल मोठं वाद्य वाजवत आणि ताफ्याचे म्होरके होते. जोसियास नाचणाऱ्यांचे म्होरके. तोंडात तीन दात, पण ढाल घेऊन उडी मारली की अजून माती उडे. दोघं पाठीला पाठ लावून बसले होते.

"हा म्हणतो तो होम्बे नाही, बकरीचं पोट आहे," जोसियास म्हणाले.

"आणि तुझा? दात पडले तेव्हा सूरही पडला तुझा. शिट्टी आहे ती."

"मी साठ वर्षं त्या सुरावर नाचलोय!"

"पायांनी नाचलास. कान घरी ठेवून यायचास."

दोघांनी गुणगुणून दाखवलं. नाफ्तालांचा सूर खाली, जोसियासांचा वर, आणि दोघांच्या मध्ये एखादी म्हैस आरामात निघून जाईल एवढी जागा. लोरेन्सोने तिसरा पर्याय सांगितला: तळ्यापलीकडच्यांचा सूर मागायचा. ते देतील, आनंदाने देतील. यावर दोन्ही म्हातारे पहिल्यांदाच एक झाले.

"त्यांचा सूर घेतला की त्यांची गाणी आली," नाफ्ताल म्हणाले. "मग आपल्या मेलेल्यांनी आपल्याला ओळखायचं कसं?"

तिला कुणी काही विचारलं नाही. ती बाईमाणूस, मेण मळणारी. तिलाही त्यात वावगं वाटलं नाही. ती घरी आली, आढ्यावरून जाळं काढलं आणि मेण मांडीवर घेऊन बसली. बाहेर तळ्यावरचा उजेड नारळांच्या खोडांवर हलत होता, जसा पाण्याखालून वर पाहिल्यावर हलतो. तिला वाटलं, गावच तळ्याच्या बुडाशी आहे आणि वरून कुणीतरी वाकून बघतंय. मेण नेहमीप्रमाणे दिसतं त्याहून जड होतं. जुनं मेण जड होतच असेल, तिने कधीच मनाशी ठरवून टाकलं होतं. अर्धं दिलं तर? अर्ध्यात चार करवंट्या होणार नाहीत. आणि अर्धं राखून ती करणार काय, टाचांना लावणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी ते घेऊन ती लोरेन्सोच्या अंगणात गेली.

"सगळं?" त्याने विचारलं.

"विचारू नकोस. घे."

त्याने नखाने वरचा थर खरवडला. दोन वर्षांचा धूर, काजळी, गवताचे कण. "हे असं मळून चालणार नाही, माना. कण राहिला की तिथून श्वास जातो. वितळवून गाळून घ्यावं लागेल."

"ताते म्हणाले होते, विस्तवाला दाखवू नकोस."

"का?"

"सांगेन म्हणाले होते."

लोरेन्सो म्हणाला, "तिओ असते तर त्यांना विचारलं असतं." तो काकांबद्दल खरंच तसं म्हणाला, थट्टेने नाही. अतालियाने स्वतःच उठून दुधाच्या पावडरचा रिकामा डबा निखाऱ्यांवर ठेवला. दुसऱ्याने ठेवला असता तर तिला पाहवलं नसतं.

मेणाला वितळायची घाई नव्हती. आधी त्याच्या कडा घामेजल्या. मग ते खालून बसत गेलं, जशी उन्हात बसलेली म्हातारी हळूहळू झुकत जाते. वास उठला आणि अंगण भरून गेलं. त्या वासात अतालियाला माशांची घरं शोधत फिरलेले सगळे दिवस दिसले. पुढे ताते, हातात खोदायची काठी, माशी दिसली की बोट ओठांवर. मागे ती, पायाखाली गरम वाळू. ते चालले होते आणि कुठे पोचत नव्हते, आणि पोचायला नको होतं.

डब्यात टक् असा आवाज झाला.

लोरेन्सोने वाकून पाहिलं. "दगड आहे आत."

"मेणात दगड कोण घालेल?"

त्याने काडीने चाचपलं. जे होतं ते लांबट होतं, डब्याच्या एका अंगाला कलून तळाशी टेकलं होतं. दोघांना ते एकदमच कळलं असावं, कारण एकदमच दोघांनी डब्याला हात घातला आणि दोघांनीही बोटं भाजून घेतली. चिमट्याने बाहेर काढलं तेव्हा ती वीतभर लाकडी पट्टी होती. गुळगुळीत, गडद तांबूस, खालून मधोमध तासलेली. एका टोकाला झेफानियासची खूण, तीन आडव्या रेघा.

"होम्बे," लोरेन्सो म्हणाला.

किडीपासून आणि दमटपणापासून राखायला त्यांनी ती पट्टी मेणात गुंडाळून ठेवली होती. विस्तवाला दाखवू नकोस, ते यासाठी. अतालिया जमिनीवर बसली. गेलं वर्षभर ती चाकूने आपल्या टाचा आणि दोरे आणि भोपळे यांच्यासाठी हळूहळू त्या सुरापर्यंतच चालली होती. आणि शेवटच्या दोन बोटांवर येऊन तिने तो उकळला होता.

म्हातारे धावत आले, म्हणजे त्यांच्या परीने. नाफ्तालांनी पट्टी गवताच्या दोन पेंढ्यांवर ठेवली, रबराची टिपरी घेतली आणि ठोका दिला. सूर खोल होता, बसका.

"बघा!" नाफ्ताल ओरडले. "माझाच! बकरीचं पोट म्हणत होतास नाही का तू?"

जोसियासांनी तोंड फिरवलं. "आता मेलेला माणूसही याच्याच बाजूने."

"हा नाही," अतालिया म्हणाली.

बोलून गेल्यावर तिला कळलं की आपण बोललो. तिघंही तिच्याकडे बघत होते.

"काय नाही, पोरी?" नाफ्तालांनी विचारलं. ती बावन्न वर्षांची होती.

"पट्टी मेण प्यायलीय, तिओ. थंड मेण लाकडाला पांघरूण घालतं. तापलेलं आत शिरतं. जड झालीय ती. माझ्यामुळे. हिचा खरा सूर याच्या वर आहे."

लोरेन्सोने पट्टी हातात तोलली आणि कडेचं लाकूड दाताखाली धरून चावलं. "खरं आहे," तो म्हणाला. "टोकं पार भरलीत."

"पण किती वर?" जोसियास पुढे सरकले. "माझ्याएवढा?"

"तुमच्याएवढा नाही."

"तुला कसं कळलं?"

डब्यातलं मेण आता कडेने गोठायला लागलं होतं. आणखी थांबलं तर वाया जाईल, म्हणून तिने ते फडक्यातून गाळून पाण्यात ओतलं, ऊन होतं तेवढ्यात उचललं आणि मळायला घेतलं. हाताला काम मिळालं की तिला बरं वाटे. तळहाताने दाबायचं, दुमडायचं, अंगठ्याने फिरवायचं. आधी ते चिरडतं, मग ताणतं, मग एका क्षणी हातात जिवंत होतं. तो क्षण कसा ओळखायचा हे तातेंनी तिला कधी शब्दांत सांगितलं नव्हतं. ते मळता मळता गुणगुणत, नाकातून, एकच सूर, न थांबता, आणि मेण तयार झालं की थांबत. तीही सोबत गुणगुणे. सहा वर्षांची असल्यापासून, ते जाईपर्यंत.

अंगणात आता तिचंच गुणगुणणं होतं. तिने वर पाहिलं तर नाफ्ताल डोळे मिटून बसले होते आणि जोसियासांचा उजवा पाय, मातीत, हळू, थाप देत होता. त्यांनी पायाकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

"थांबू नकोस," लोरेन्सो कुजबुजला. त्याने मोठ्या वाद्याची पहिली पट्टी मांडीवर घेतली होती. "माना, थांबू नकोस."

ती थांबली नाही. त्याने ठोका दिला, ऐकलं, पट्टीच्या पोटातून केसभर लाकूड तासलं. पुन्हा ठोका. टोकाकडून थोडं. सूर मध्येच तिच्या खाली गेला, मग वर चढला, मग दारात घुटमळणाऱ्या माणसासारखा आत यावं की नाही असा उभा राहिला. तिचा श्वास संपे, ती घेई, आणि प्रत्येक वेळी नेमकी तिथेच परत येई. तिला स्वतःलाच याचं नवल वाटत होतं. मग एक ठोका पडला आणि तिला तिचा आवाज ऐकू येईनासा झाला. तो होता, गळ्यात थरथर होती, पण बाहेर एकच सूर उरला होता.

"हाच," जोसियास म्हणाले.

नाफ्तालांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "माझ्यापेक्षा थोडाच वर आहे."

"थोडाच! ऐका याचं!"

"आणि तुझ्यापेक्षा पुष्कळ खाली."

त्या दिवशी चारही करवंट्या बसल्या. मेण बरोबर पुरलं. अंगठ्याएवढं उरलं, ते लोरेन्सोने न विचारता तिच्या हातात ठेवलं. पुढच्या आठ दिवसांत बाकीच्या चार वाद्यांवरची पट्टी अन् पट्टी नव्या होम्बेला लावली गेली, आणि रोज सकाळी काम सुरू करण्याआधी लोरेन्सो तिच्या दारात येऊन उभा राही. काही विचारत नसे. ती चुलीपुढे बसून एकदा गुणगुणे आणि तो निघून जाई, ओंजळीत पाणी नेणाऱ्या माणसासारखा, न सांडता.

क्विसिकोच्या मेळ्यात ती बायकांच्या घोळक्यात, मागे, चटईवर बसली होती. मोठ्या वाद्याचा पहिला ठोका पडला तेव्हा तो तिला कानांआधी तळहातांत लागला. शेजारच्या बाईने विचारलं, "तुमच्या काठाचा सूर जुनाच राहिला की! सगळं बुडालं म्हणे?"

"बुडालं," अतालिया म्हणाली. "मेण तरंगतं."

तातेंच्या पट्टीतलं मेण निघायला मेळ्यानंतरही दिवस लागले. अतालिया ती रोज गरम राखेत पुरून ठेवी, राख चिकट झाली की बदले, आणि दुपारी पत्र्याच्या छपरावर उन्हात ठेवी. पत्र्यावर आधी काळे थेंब जमत, मग पिवळे. सोळाव्या दिवशी थेंब आले नाहीत.

ती काजूखाली बसली. कोंबड्या पेंगत होत्या. तिने गवताच्या दोन पेंढ्या मांडल्या, पट्टी ठेवली आणि टिपरी हातात घेतली. मग बराच वेळ ठोका दिला नाही. ताफा मेळ्यात वाजवून आला होता, लोक नाचले होते, मेलेल्यांनी ओळखलं असेल तर ओळखलं होतं. आता पट्टी वेगळं काही म्हणाली तर?

तिने आधी गुणगुणायला सुरुवात केली, मग ठोका दिला.

लाकूड कुठे संपलं आणि गळा कुठे सुरू झाला, ते तिला कळलं नाही. ठोक्याचा आवाज विरून गेला तरी ती गुणगुणत राहिली, आणि काही वेळाने तिला वाटलं की आपणच विरून गेलोय आणि मागे पट्टी वाजतेय.

मग ती उठली. लोरेन्सोने दिलेलं अंगठ्याएवढं मेण होतं, आणि त्याच आठवड्यात त्याला पलीकडच्या टेकडीवर माशांचं एक घर सापडलं होतं, त्यातलंही थोडं होतं. तिने जुनं नव्यात मिसळून मळलं, अगदी थंड होईपर्यंत हातात फिरवत राहिली, आणि पट्टीवर थापत गेली. टोकं आधी, मग पोट. मेण तिच्यावर नीट बसलं. शेवटी तिने भाचीला हाक मारली, तिच्या हातात ते दिलं आणि आत काय आहे ते लगेच, तिथल्या तिथे सांगून टाकलं.

"आणि विस्तवाला दाखवायचं नाही," ती म्हणाली.

"का, तिया?"

"सांगितलं ना आत्ताच! ऐकत नाहीस." आणि तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

मेण जाळ्यात गेलं, जाळं आढ्याला. वारा अजून कोरडा होता आणि तिच्या टाचा पुन्हा उकलल्या होत्या. तिने वर एकदा पाहिलं, मग कोपऱ्यातली बाटली काढून टाचांना खोबरेल लावलं.